मोटर गेली, साहेब!

"मोटर गेली, साहेब." जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे तीन शब्द कधी ना कधी ऐकलेले असतात. काच अर्ध्यावर अडकते, किंवा वर जाताना कण्हते, किंवा आज चालते आणि उद्या रुसते. तुम्ही गाडी गॅरेजला नेता. वायरमन बटण दाबतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा दाबतो, दरवाज्यावर एक चापट मारतो आणि निकाल देतो. एकूण वेळ चाळीस सेकंद. साक्षी-पुरावे शून्य. शिक्षा: मोटर बदला.

तर मंडळी, आज वीकेंडला माझं म्हणणं असं आहे की हे निदान नाही, हा अंदाज आहे. आणि त्या अंदाजाचं बिल तुमच्या नावावर फाटतं. पॉवर विंडोच्या साखळीत मोटर हा सगळ्यात शेवटचा संशयित असायला हवा, आणि आपल्याकडे तो सगळ्यात पहिला आरोपी असतो. असं का होतं, यात नुकसान काय होतं आणि दोष कोणाचा, हे जरा विस्ताराने बोलू. (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.)

आधी, कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते. बटण दाबून काच वर-खाली होणं ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेत पॅकार्डने १९४० साली आपल्या महागड्या १८० मालिकेत ही सोय दिली. तेव्हा काच उचलायला तेलाचा दाब वापरायचे आणि तो दाब तयार करायला विजेचा पंप. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या काचा क्रायस्लरच्या इंपिरियलमध्ये १९५१ साली आल्या. आपण मात्र पद्मिनी आणि अँबॅसेडरमध्ये बसून हँडल फिरवत मोठे झालो. पॉवर विंडो आपल्या डोळ्यांना सवयीची झाली ती नव्वदच्या दशकात. १९९५ पासून पिंपरीत मर्सिडीजची ई-क्लास, म्हणजे शौकीन लोक जिला डब्ल्यू १२४ म्हणतात ती, जोडली जायला लागली. १९९५-९६च्या सुमारास सिएलो आली, ओपेल अ‍ॅस्ट्रा आली, फोर्ड एस्कॉर्ट आली. कॉलनीत एकाकडे अशी गाडी असायची आणि आम्ही पोरं बाहेर उभी राहून "काका, काच खाली करा ना एकदा" म्हणायचो.

त्या गाड्या आता तिशीला आल्या आहेत. (म्हणजे साधारण आमच्याच वयाच्या. आमच्याही सांध्यांत ग्रीस सुकायला लागलंय, पण ते असो.) गंमत अशी की २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, त्यात व्हिंटेज म्हणवून घ्यायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. १९९५ सालची गाडी २०४५ पर्यंत कायद्याच्या लेखी नुसतीच 'जुनी'. आणि तिच्या कंपनीचं काय? देवूचा भारतातला कारखाना या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ साली इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे या गाड्यांच्या मूळ मोटरी जेवढ्या आहेत तेवढ्याच. एक भंगारात गेली की एक कमी. म्हणून मला राग येतो. चालू मोटर काढून फेकणं हा नुसता पैशाचा अपव्यय नाही; परत न मिळणारी वस्तू कचऱ्यात टाकणं आहे.

बरं, आता ही यंत्रणा बघू. फार काही अवघड नाही, बारावीचं फिजिक्स पुरतं. दरवाज्यात एक छोटी डीसी मोटर असते, कायमचुंबक असलेली. तिला दोन वायरी. एका दिशेने करंट गेला की काच वर, उलट दिशेने गेला की खाली. मोटरच्या पुढे वर्म गिअर, त्यापुढे गॅरेजवाले ज्याला 'काचेचं मशीन' म्हणतात ते: एक तर कैचीसारखं, नाही तर केबल आणि पुलीचं. बटण काय करतं? अनेक गाड्यांत बटण सोडलेलं असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात. तुम्ही बटण दाबलं की त्यातली एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडली जाते, दुसरी अर्थवरच राहते. झालं.

आता यातली मेख बघा. ड्रायव्हरकडे सगळ्या काचांची बटणं असतात आणि प्रत्येक दरवाज्यावर त्याचं त्याचं बटण असतं. ही दोन बटणं बऱ्याच जुन्या गाड्यांत एकामागोमाग एक जोडलेली असतात. म्हणजे डावीकडच्या प्रवाशाने स्वतःचं बटण दाबलं तरी त्याच्या मोटरचं अर्थिंग ड्रायव्हरच्या बटणातून फिरून जातं! डावीकडची काच चालत नाही आणि दोष उजवीकडच्या दरवाज्यात, असं सहज होऊ शकतं. चाळीस सेकंदांत, डाव्या दरवाज्यावर चापट मारून, हे कोणाला कळणार?

थोडं गणित करू. मोटर साधारण ५ ते १० अँपिअर खाते, अडकली तर याहून कितीतरी जास्त. बटणातले कॉन्टॅक्ट तीस वर्षांत काळे पडले आणि तिथे फक्त ०.३ ओहमचा अडथळा तयार झाला, असं धरा. १० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच गेले. मोटरपर्यंत १२ ऐवजी ९ पोचले. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे मोटरची ताकद जवळपास निम्म्यावर. आणि ते हरवलेले ३ व्होल्ट गुणिले १० अँपिअर, म्हणजे ३० वॉट, बटणाच्या त्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत उष्णता होऊन बसले. म्हणून जुन्या गाड्यांची बटणं वितळलेली दिसतात. मोटर बिचारी अर्ध्या पगारात पूर्ण काम करतेय, आणि परफॉर्मन्स वाईट म्हणून नोकरी तिची जातेय. ओळखीचं वाटतंय का? :-)

आणि हा अडथळा साध्या तपासणीत दिसत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोटरचा कपलर काढून तिथे मल्टिमीटर लावलात तर छान १२.६ व्होल्ट दिसतील. वायरच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी दिसतील, कारण मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. "करंट तर येतोय साहेब, म्हणजे मोटरच गेली" हा जो नेहमीचा युक्तिवाद आहे, तो इथे कोसळतो. मोजायचं ते मोटर जोडलेली असताना, बटण दाबलेलं असताना. लोड टाकल्याशिवाय केलेलं टेस्टिंग म्हणजे एका युझरवर टेस्ट करून प्रॉडक्शनला सोडलेलं सॉफ्टवेअर.

एक उदाहरण देतो. माझ्या मामाकडे १९९७ची एक सेदान आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. पुढची डावीकडची काच वर जाईना. गॅरेजने मोटर बदलली, नाना पेठेतून सेकंड हँड आणून. तीन आठवड्यांत तेच रडगाणं. "सेकंड हँडचं असंच असतं, ही पण गेली," म्हणून दुसरी मोटर. तीही महिनाभरात कण्हायला लागली. मग मामाने मला फोन केला, "तू इंजिनिअर ना रे, बघ काहीतरी." पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून घेतलेला माझा मल्टिमीटर घेऊन गेलो. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून तिच्या दोन टोकांत मोजले तर ८.५. म्हणजे वाटेत ५.४ व्होल्ट गायब! पॉझिटिव्हच्या बाजूला फक्त ०.६ जात होते, उरलेले ४.८ अर्थच्या बाजूला. अर्थ कुठून जातो? ड्रायव्हरच्या बटणातून. ते उघडलं, तर आत कॉन्टॅक्ट कोळशासारखे. कॉन्टॅक्ट क्लिनर मारला, जाड कागदाने घासून काढले, परत जोडलं. काच सरसर वर. खर्च, क्लिनरची एक बाटली आणि माझे अडीच तास. आणि कंपनीची मूळ मोटर? ती कधीच भंगारात गेली होती. धडधाकट असताना.

म्हणून माझा आग्रह आहे की तपासणीला एक क्रम असावा, आणि तो असा असावा:

१. आधी ऐका आणि बघा. रात्री आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर करंट जातोय, मोटर धडपडतेय. अजिबात फरक नाही तर बहुधा करंट पोचतच नाहीये. फ्यूज, बटण, वायर बघा. मोटर मजेत फिरल्याचा आवाज येतोय पण काच जागची हलत नाही, तर गिअर किंवा मशीन बघा.

२. दोन्ही बटणांवरून चालवून बघा. एकावरून चालते, दुसऱ्यावरून नाही, तर मोटर निर्दोष. खटला तिथेच बरखास्त.

३. बटण दाबून ठेवा आणि दरवाजा हळूहळू उघडा-मिटा. बिजागरीजवळ रबराच्या नळीतून वायरी जातात. तीस वर्षं दरवाजा उघडून-मिटून आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. एखाद्या विशिष्ट कोनात काच जिवंत झाली तर चोर सापडला.

४. लोडवर व्होल्टेज मोजा, वर सांगितलं तसं. आधी बॅटरी पॉझिटिव्ह ते मोटरची पॉझिटिव्ह वायर, मग मोटरची अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह. अर्धा व्होल्ट असेल तर कुरकूर नको. एकाच बाजूला एक-दीड व्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेवर गडबड आहे.

५. दरवाज्याचा पॅड काढून काच मशीनपासून सुटी करा आणि हाताने सरकवा. रबर चॅनेल दगडासारखे कडक झाले असतील तर हातालाच कळतं. तिथे सिलिकॉन स्प्रे. ग्रीस फक्त मशीनच्या लोखंडी भागांना. पेट्रोलियमचं ग्रीस रबरावर फासू नका, रबर फुगतं आणि आणखी चावतं.

६. एवढं सगळं करून झाल्यावर मोटर. मध्ये फ्यूज घालून थेट बॅटरीवर चालवून बघा. तिला चांगले १२ व्होल्ट मिळून, काच हाताने मोकळी सरकत असूनही ती दमत असेल, तर होय, मोटर गेली. आता म्हणा.

आणि गेली म्हणजे तरी काय? कार्बन झिजले असतील, कॉम्युटेटर काळा पडला असेल, आतलं चुंबक डिंक सुटून निखळलं असेल, नायलॉनचा गिअर खाल्ला गेला असेल. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड गाड्यांच्या मोटरींत गिअरच्या आत प्लॅस्टिकचे तीन छोटे तुकडे असतात. त्यांचा भुगा झाला की मोटर नुसती गुणगुणते, काच हलत नाही. तिथले हौशी लोक ते तीन तुकडे बदलतात आणि मोटर पुन्हा कामाला लावतात.

इथे एक इशारा, आणि हा गमतीचा नाही. कैचीसारख्या मशीनला बहुतेक वेळा काचेचं वजन तोलणारी जोरदार स्प्रिंग असते. मोटर काढली की ती स्प्रिंग मोकळी होते आणि दात असलेला लोखंडी पत्रा झटक्यात फिरतो. मध्ये बोट असेल तर बोट जातं. आधी तो पत्रा बोल्टने किंवा शिकंजाने पक्का करा, काच टेपने वरच्या चौकटीला चिकटवा, बॅटरीची वायर काढा, मगच हात घाला. एवढं जमणार नसेल तर ते काम जाणत्याकडे द्या. पहिल्या चार पायऱ्या मात्र कोणीही करू शकतं.

दोन लोकप्रिय उपायांबद्दलही बोललं पाहिजे. पहिला, "फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकतो." हा उपाय नाही, ही आग लावायची पूर्वतयारी आहे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. १५ च्या जागी ३० टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी दरवाज्यातली वायर उडेल. दुसरा, रिले. बटणावरचा भार काढून रिलेवर टाकणं ही चांगली कल्पना आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण अर्थ तुटलेला असताना, रबर कडक झालेलं असताना रिले बसवणं म्हणजे क्वेरी चुकीची असताना सर्व्हरची रॅम वाढवणं. चार दिवस बरं वाटतं.

आता दोष कोणाचा? सोपं उत्तर: वायरमनचा. पण मला ते पटत नाही. त्याच्याकडे मल्टिमीटर असतो, टेस्ट लॅम्प असतो, आणि चांगल्या वायरमनची बोटं आपल्या सगळ्या डिग्र्यांपेक्षा हुशार असतात. तो मोजत नाही, कारण मोजण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. बिलावर मोटरची किंमत लिहिलेली असली की गिऱ्हाईक मुकाट्याने देतं. वस्तू दिसते ना, डब्यातून आलेली! पण त्याने दोन तास घालवून एक तुटकी तार शोधली, जोडली आणि लेबरचे हजार रुपये मागितले, की आपली जमात उसळते. "एक वायर जोडायचे हजार?" हे कोण म्हणतं? जो स्वतः सोमवार ते शुक्रवार एका ओळीच्या बगमागे तीन दिवस घालवतो आणि टाइमशीटमध्ये २४ तास भरतो, तो! आपला क्लायंट "एकच तर ओळ बदललीस" म्हणाला तर आपण कँटीनमध्ये बसून त्याची सात पिढ्यांची उजळणी करतो. मग गॅरेजमध्ये आपण त्याच क्लायंटसारखं का वागतो?

जे विकत घेतलं जातं तेच बनतं. आपण पार्ट विकत घेतो, म्हणून पार्ट बदलणारे तयार होतात. आपण निदान विकत घेतलं असतं तर निदान करणारे तयार झाले असते. गॅरेजमधला शिकाऊ पोरगा बघतो की उस्तादने मोटर बदलली की तासात मोकळा, आणि वायर शोधत बसला की संध्याकाळी गिऱ्हाईकाशी भांडण. तो काय शिकणार? एक पिढी अशी गेली की वायरिंग वाचता येणारा माणूस उरणार नाही. मग आपण सुस्कारा टाकणार, "पूर्वीसारखे कारागीर राहिले नाहीत हो."

तुम्ही म्हणाल, वेळ कोणाकडे आहे? मोटर बदलून काम होत असेल तर काय बिघडलं? मुद्दा रास्त आहे, आणि रोजच्या वापरातल्या नव्या गाडीला मी तो मान्यही करेन. तिथे पार्ट मिळतो, वॉरंटी असते. पण जुन्या गाडीत तो हिशेब उलटा पडतो. मिळणारी मोटर मूळची नसते. तिचा कपलर जुळत नाही म्हणून मूळ कपलर कापतात आणि वायरी पिळून टेप गुंडाळतात. भोकं जुळत नाहीत म्हणून दरवाज्यात ड्रिल मारतात. म्हणजे एका बिघाडाच्या जागी तीन नवे पेरले. आणि मूळ दोष शाबूत राहिल्यामुळे नवी मोटरही त्याच उपासमारीने मरते. यात वेळ वाचला कुठे?

असो. बोलून मोकळं व्हायची सवय आहे, पण करण्यासारखंही काही सांगतो. गाडी सोडताना वायरमनला स्पष्ट सांगा, "दादा, शोधायचे पैसे वेगळे देईन, पार्ट नाही बदलला तरी देईन." काढलेली मोटर परत मागा, ती तुमचीच आहे, दुरुस्त करून ठेवली तर दहा वर्षांनी सोन्याच्या भावाची. आणि कोणी तुटकी तार शोधून काच चालू करून दिली, तर "एवढंच होतं होय!" असं चुकूनही म्हणू नका. एवढंच होतं हे कळायलाच अक्कल लागते.

बाकी, पुढच्या वेळी कोणी "मोटर गेली, साहेब" म्हणालं की फक्त एक प्रश्न विचारा: "बटण दाबल्यावर मोटरला किती व्होल्ट मिळत होते?" आकडा आला तर तो माणूस सोडू नका, मागेल तेवढे पैसे द्या. नाही आला, तर गाडीची किल्ली परत घ्या आणि घरी या. काच खाली असली तरी चालेल, तेवढाच वारा लागेल.